प्रत्याभरण, बिनतारी पुनःक्षेपणातील

प्रेषकाने पाठविलेला संदेश मधल्या एक वा अनेक केंद्रांच्या साहाय्याने ग्राहीपर्यंत पोहोचविण्याच्या क्रियेस पुनःक्षेपण आणि असे काम करणाऱ्या केंद्रास पुनःक्षेपक म्हणतात. संदेश पुढे जात असताना ग्राहीकडून पुनःक्षेपकाकडे आणि पुनःक्षेपकाकडून प्रेषकाकडे जी माहिती उलट दिशेने पाठविली जाते तिला प्रत्याभरण अशी संज्ञा असून व्यवहारात फीडबॅक हा शब्द रूढ आहे. हे प्रत्याभरण मुख्यत्वे दोन प्रकारचे असते. पहिल्या प्रकारात संदेश पोहोचला किंवा नाही हे कळविले जाते. याला पोच असे म्हणता येईल. दुसऱ्या प्रकारात ज्या मार्गाने तरंग प्रवास करतात त्या मार्गाची त्या क्षणाची अवस्था कळविली जाते. या माहितीच्या आधारे प्रेषकास आपली शक्ती, वेग, तरंगांची दिशा आणि पुनःक्षेपकाची निवड ठरविता येते.

प्रत्याभरण विनामूल्य मिळत नाही. ज्या कंप्रतापट्टातून व ज्या वेळात संदेश पाठवावयाचा त्यातूनच काही भाग प्रत्याभरणासाठी काढून ठेवावा लागतो, त्यासाठी विद्युत् घटमालेची ऊर्जा खर्ची पडते आणि उत्तराची वाट पाहण्यात विलंब होतो. या एकूण खर्चास प्रत्याभरणभार म्हणतात. पुनःक्षेपकांची संख्या वाढते तसा हा भार वाढत जातो; कारण प्रत्येक टप्प्याची माहिती वेगळी असते आणि दूरच्या टप्प्याची माहिती मधल्या टप्प्यांवरूनच आणावी लागते. म्हणून पुनःक्षेपणाचा इतिहास हा बऱ्याच अंशी, निर्णय बिघडू न देता किती थोडक्या माहितीवर काम भागते याच्या शोधाचाही इतिहास आहे.

पूर्वपीठिका : प्रत्याभरणाचा प्रश्न रेडिओ तरंगांच्या शोधाहून जुना आहे. क्लोद शाप (१७६३–१८०५) या फ्रेंच संशोधकांनी उभारलेली दृक्-तारायंत्राची पहिली नियमित शृंखला १७९४ मध्ये पॅरिस व लील या शहरांदरम्यान सुरू झाली. या दोन शहरांतील अंतर सुमारे २०० किमी. आहे. उंच मनोऱ्यांवर बसविलेल्या लाकडी भुजांच्या निरनिराळ्या स्थितींनी संकेत दर्शविला जाई आणि पुढील मनोऱ्यावरील कर्मचारी दुर्बिणीतून तो पाहून आपल्या भुजा तशाच ठेवी. संकेत दिल्यानंतर कर्मचारी पुढील मनोऱ्याकडे पाहत राही. तेथे तीच आकृती उमटली म्हणजे संकेत बरोबर पोहोचला असे तो समजे. येथे पोच देण्यासाठी वेगळा संकेत लागत नसे. संदेश पुढे पाठविण्याची क्रिया हीच मागच्या केंद्रास मिळालेली पोच असे. या युक्तीचे महत्त्व पुढे पावणेदोनशे वर्षांनी पुन्हा ध्यानात आले.

विद्युत् तारायंत्रात ही सोय राहिली नाही, कारण तारेच्या दुसऱ्या टोकाला काय लिहिले गेले हे प्रेषकास दिसत नसे. यावर उपाय म्हणून संपूर्ण संदेश उलट दिशेने परत मागवून मूळ मजकुराशी ताडून पाहण्याची पद्धत निघाली. अमेरिकेतील तार कंपन्या यासाठी मूळ दराच्या निम्मी रक्कम अधिक आकारीत. प्रत्याभरणाचे मूल्य पैशांत सांगणारे हे आरंभीचे एक स्पष्ट उदाहरण होय. ही रक्कम वाचविण्याचा परिणाम काय होऊ शकतो हे एका खटल्यात दिसून आले. फिलाडेल्फिया येथील लोकरीचे व्यापारी फ्रँक प्रिमरोझ यांनी १८८७ मध्ये कॅन्सस राज्यातील आपल्या हस्तकास सांकेतिक भाषेत तार पाठविली. तीतील ‘खरेदी केली आहे’ या अर्थाचा ‘बे’ हा सांकेतिक शब्द वाटेत बदलून ‘खरेदी कर’ या अर्थाचा ‘बाय’ असा झाला. मॉर्स संकेतलिपीत या दोन शब्दांत केवळ एका टिंबाचा फरक होता. हस्तकाने लोकरीची मोठी खरेदी केली आणि प्रिमरोझ यांना २०,००० डॉलरांहून अधिक तोटा आला. तार परत मागवून ताडून पाहण्याचे शुल्क त्यांनी भरले नव्हते, म्हणून १८९४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कंपनीचे दायित्व तारेच्या मूल्यापुरते, म्हणजे १·१५ डॉलरपुरते मर्यादित असल्याचा निर्णय दिला. संपूर्ण प्रत्याभरण महाग आणि प्रत्याभरणाचा अभाव त्याहून महाग, अशी ही कोंडी होती.

स्वयंचलित पोच : बिनतारी संदेशवहनात ही अडचण अधिक तीव्र झाली. लघुतरंगांवरील दूर पल्ल्याच्या संदेशवहनात आयनांबराच्या बदलत्या स्थितीमुळे संकेत क्षीण होत व अक्षरे चुकत. नेदर्लंड्सच्या टपाल व तार खात्यातील अभियंते हेन्ड्रिक व्हान ड्यूरेन यांनी १९४० नंतरच्या दशकात यासाठी स्वयंचलित पद्धत विकसित केली. तीत प्रत्येक अक्षर सात घटकांनी दर्शविले जाई व त्यांपैकी ठराविक तीनच घटक एका प्रकारचे असत. अशा ३५ जुळण्या होतात व त्या मुळाक्षरांस पुरेशा आहेत. ग्राहीला तीनऐवजी दोन किंवा चार घटक आढळले, तर चूक झाली हे यंत्रास आपोआप कळे आणि ते अक्षर पुन्हा पाठविण्याची मागणी उलट दिशेने केली जाई.

या पद्धतीने प्रत्याभरणाच्या स्वरूपात मूलभूत बदल झाला. पूर्वी संपूर्ण मजकूर परत येई व तुलना प्रेषक करी. आता चूक ओळखण्याचे काम ग्राहीकडे आले आणि परत पाठवावयाची माहिती ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढ्यापुरती, म्हणजे एका द्विमान अंकाइतकी उरली. द्विमान अंकास बिट असेही म्हणतात. चूक ओळखता यावी म्हणून संदेशात जे अधिकचे घटक घालावे लागले, तो या बचतीचा मोबदला होय.

याच काळात भूपृष्ठावर सूक्ष्मतरंगांच्या पुनःक्षेपण शृंखला उभ्या राहिल्या. न्यूयॉर्क ते सॅन फ्रॅन्सिस्को ही १०७ केंद्रांची शृंखला ऑगस्ट १९५१ मध्ये दूरध्वनीसाठी खुली झाली. तिची केंद्रे स्थिर होती, आकाशक एकमेकांकडे रोखलेले होते आणि मार्गाची अवस्था बऱ्याच अंशी आधीच ठाऊक होती. त्यामुळे प्रत्येक संदेशामागे पोच देण्याची तेथे गरज नव्हती; केंद्रातील बिघाडाची सूचना दूरवरच्या देखरेख केंद्रास मिळाली म्हणजे पुरे होई. पुनःक्षेपक व ग्राही हलू लागल्यावर मात्र ही सोय संपुष्टात आली.

सैद्धांतिक विचार : क्लॉड शॅनन (१९१६–२००१) यांनी १९४८ मध्ये अवगम सिद्धांताचा पाया घातला आणि गोंगाटयुक्त मार्गाने किती वेगाने बिनचूक संदेश पाठविता येईल याची कमाल मर्यादा काढून दाखविली [⟶ अवगम सिद्धांत]. १९५६ मध्ये त्यांनी असे सिद्ध केले की, ज्या मार्गात प्रत्येक क्षणाचा गोंगाट आधीच्या क्षणांपासून स्वतंत्र असतो अशा एकेरी मार्गाची ही मर्यादा प्रत्याभरणाने वाढत नाही. हा निष्कर्ष अनपेक्षित होता. त्यातून प्रत्याभरण निरुपयोगी आहे असा अर्थ निघत नाही. कारण मर्यादा तीच राहिली, तरी तिच्या जवळ पोहोचण्यास लागणारी यंत्रणा प्रत्याभरणामुळे पुष्कळ सोपी होते.

ही गोष्ट योहानेस स्खाल्कवेक व टॉमस कैलाथ यांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीने स्पष्ट झाली. कैलाथ यांचा जन्म पुणे येथे १९३५ मध्ये झाला व त्यांनी तेथीलच अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९५६ मध्ये पदवी घेतली. त्यानंतर त्यांचे पुढील कार्य अमेरिकेत झाले. त्यांच्या पद्धतीत ग्राहीने केलेला अंदाज प्रेषकास कळविला जातो व प्रेषक त्यातील केवळ उरलेली चूक पुन्हा पाठवितो. प्रत्येक फेरीत चूक वेगाने घटते आणि लांबलचक सांकेतिक रचना लागत नाही. तथापि त्यासाठी उलट दिशेचा मार्ग संपूर्णपणे गोंगाटरहित असावा लागतो. प्रत्यक्षात असा मार्ग मिळत नाही. त्यामुळे या पद्धतीने प्रत्याभरणाची शक्ती दाखविली आणि त्याचबरोबर त्याच्या खर्चाचा हिशेब वेगळा मांडला पाहिजे ही जाणीवही दिली.

पुनःक्षेपकयुक्त मार्गाचा गणिती विचार एडवर्ड व्हान डर म्यूलेन यांनी १९६८ ते १९७१ या काळात तीन टोकांच्या मार्गाच्या रूपाने सुरू केला. टॉमस कव्हर (१९३८–२०१२) व अब्बास एल गमाल यांनी १९७९ मध्ये त्याविषयीचे प्रमुख सिद्धांत मांडले. त्यांच्या एका निष्कर्षानुसार ग्राहीला जे ऐकू येते ते सर्व पुनःक्षेपक व प्रेषक यांना कळविले, तर पुनःक्षेपकाचे ज्ञान ग्राहीच्या ज्ञानाहून कधीच कमी पडत नाही व अशा मार्गाची कमाल मर्यादा नेमकी काढता येते. एकेरी मार्गाच्या उलट पुनःक्षेपकयुक्त मार्गात प्रत्याभरणाने ही मर्यादा सामान्यतः वाढू शकते. प्रत्याभरण नसलेल्या सर्वसाधारण पुनःक्षेपक मार्गाची मर्यादा मात्र अद्यापि कोणास काढता आलेली नाही. याचा व्यावहारिक अर्थ असा की, पुनःक्षेपणात प्रत्याभरण टाळणे परवडणारे नाही आणि सर्व काही कळविणेही शक्य नाही. मधला मार्ग शोधणे भाग आहे.

उपग्रह व संदेशखंड : भूस्थिर उपग्रह हा भूपृष्ठापासून सुमारे ३६,००० किमी. उंचीवरील पुनःक्षेपकच होय. संदेश वर जाऊन खाली येण्यास सुमारे पाव सेकंद लागतो, म्हणजे पोच परत मिळेपर्यंत सुमारे अर्धा सेकंद जातो. १९७१ मध्ये पुणे जिल्ह्यातील आर्वी येथे कार्यान्वित झालेल्या भूकेंद्रासारख्या केंद्रांतून होणाऱ्या संदेशवहनासही हा विलंब लागू होता. दर सेकंदास ५०,००० बिट वेगाने १,००० बिटांचा खंड पाठविण्यास केवळ ०·०२ सेकंद लागतात. प्रत्येक खंडानंतर पोचेची वाट पाहिली, तर मार्गाचा उपयोग ४ टक्क्यांहून कमी होतो. म्हणून अनेक खंड ओळीने पाठवून त्या सर्वांची पोच एकत्र घेण्याची पद्धत रूढ झाली. ठराविक क्रमांकापर्यंतचे सर्व खंड मिळाले, एवढे एका उत्तरात कळविले म्हणजे प्रत्येक खंडामागचे उत्तर वाचते.

हीच कल्पना पुढे स्थानिक बिनतारी जाळ्यांच्या मानकांत आली. १९९७ च्या मूळ मानकात प्रत्येक खंडास स्वतंत्र पोच होती. २००५ मधील सुधारणेने ६४ खंडांची पोच एका उत्तरात देण्याची सोय केली. परंतु त्या उत्तरातील नोंदपट्टी १,०२४ बिटांची होती, कारण प्रत्येक खंडाचे सोळा उपखंड होऊ शकतात असे गृहीत धरले होते. उपखंडांची नोंद वगळून २००९ च्या सुधारणेत तीच नोंदपट्टी ६४ बिटांवर आणण्यात आली. व्यवहारात क्वचितच लागणारी माहिती सतत पाठविली जात होती, हे ओळखल्याने ही बचत साधली.

नॉर्मन एब्रॅमसन (१९३२–२०२०) व त्यांच्या सहकाऱ्यांनी हवाई विद्यापीठात १९७१ मध्ये सुरू केलेल्या ‘अलोहा’ या जाळ्यात अनेक केंद्रे एकाच कंप्रतेवर परस्परांना न विचारता खंड पाठवीत. पोच आली नाही म्हणजे खंडांची टक्कर झाली, असे समजून खंड पुन्हा पाठविला जाई. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या प्रगत संशोधन प्रकल्प संस्थेने १९७३ मध्ये हाती घेतलेल्या संदेशखंड-रेडिओ प्रकल्पात पुनःक्षेपक फिरत्या वाहनांवरही होते. या जाळ्यात पोचेसाठी वेगळा खंड टाळण्याची युक्ती योजण्यात आली. सर्व दिशांना प्रक्षेपण करणारा पुनःक्षेपक खंड पुढे पाठवितो तेव्हा ते प्रक्षेपण मागच्या केंद्रासही ऐकू येते. मागचे केंद्र तीच पोच समजते. केवळ अंतिम ग्राहीस खंड पुढे पाठवावयाचा नसल्यामुळे त्याला स्वतंत्र पोच द्यावी लागते. शाप यांच्या मनोऱ्यावरील कर्मचारी दुर्बिणीतून जे पाहत असे तेच येथे रेडिओ ग्राहीने ऐकले. तथापि पुनःक्षेपकाने कमी शक्ती वापरली, दिशिक आकाशक लावला किंवा वेगळ्या कंप्रतेवर प्रक्षेपण केले, तर मागच्या केंद्रास काहीच ऐकू येत नाही व खंड विनाकारण पुन्हा पाठविला जातो. आधुनिक जाळ्यांत या तिन्ही गोष्टी सर्रास आढळतात, म्हणून या पद्धतीची व्याप्ती मर्यादित राहिली.

मार्गाच्या अवस्थेचे प्रत्याभरण : फिरत्या दूरध्वनींच्या प्रसाराबरोबर दुसऱ्या प्रकारच्या प्रत्याभरणास महत्त्व आले. इमारती, टेकड्या इत्यादींवरून परावर्तित झालेले तरंग परस्परांत मिसळून ग्राहीला मिळणाऱ्या संकेताची तीव्रता थोड्या अंतरावरही पुष्कळ बदलते. २ गिगॅहर्ट्‌झ कंप्रतेच्या तरंगाची लांबी १५ सेंमी. असते. ताशी ६० किमी. वेगाने जाणाऱ्या वाहनातील ग्राही अर्धी तरंगलांबी सुमारे ४·५ मिलिसेकंदांत ओलांडतो आणि तेवढ्यात मार्गाची अवस्था बदलून जाते. त्यामुळे माहिती थोडकी असावी आणि ती शिळी होण्यापूर्वी पोहोचावी, अशी दुहेरी गरज निर्माण झाली. अनेक टप्प्यांच्या जाळ्यात दुसरी गरज भागविणे विशेष अवघड असते.

यावरील प्रारंभीचा उपाय अगदी साधा होता. १९९० नंतरच्या दशकात वापरात आलेल्या संकेतविभाजन दूरध्वनी पद्धतीत केंद्र दूरध्वनीस सेकंदाला ८०० वेळा केवळ ‘शक्ती वाढवा’ किंवा ‘शक्ती घटवा’ अशी एका बिटाची आज्ञा देई. तिसऱ्या पिढीच्या पद्धतीत हे प्रमाण सेकंदाला १,५०० वेळा झाले. शक्ती नेमकी किती हवी हे न सांगता ती कोणत्या दिशेने बदलावी एवढेच सांगितल्यामुळे एक बिट पुरा पडला.

अनेक आकाशकांच्या वापरामुळे हा प्रश्न पुन्हा उग्र झाला. उदाहरणार्थ, प्रेषक, पुनःक्षेपक व ग्राही या प्रत्येकाजवळ चार आकाशक असतील, तर एका टप्प्यात आकाशकांच्या १६ जोड्या होतात. प्रत्येक जोडीसाठी तीव्रता व कला अशा दोन संख्या लागतात, म्हणजे दोन टप्प्यांसाठी ६४ संख्या होतात. प्रत्येक संख्या ८ बिटांत लिहिली आणि कंप्रतापट्टाचे १०० भाग पाडले, तर एका वेळी ५१,२०० बिट होतात; ही माहिती सेकंदाला १०० वेळा पाठविली, तर केवळ प्रत्याभरणासाठी दर सेकंदास सुमारे ५१ लाख बिट लागतील.

या भाराचे निवारण करण्यासाठी संकेतकोशाची पद्धत पुढे आली. तीत तरंग कोणकोणत्या प्रकारे रोखता येतील याची एक लहान यादी प्रेषक व ग्राही या दोघांजवळ आधीच ठेवलेली असते. ग्राही मार्ग मोजतो, यादीतील सर्वांत योग्य नोंद निवडतो व तिचा केवळ क्रमांक कळवितो. १६ नोंदींच्या यादीस ४ बिट पुरतात. वरील उदाहरणात दर सेकंदाचा भार ८०,००० बिटांवर, म्हणजे मूळच्या १/६४ वर येतो. यादी कशी करावी याविषयी १९९८ पासून महत्त्वाचे संशोधन प्रसिद्ध झाले. डेव्हिड लव्ह, रॉबर्ट हीथ व टोमास श्ट्रोमर यांनी २००३ मध्ये दाखविले की, मार्ग सर्व दिशांनी सारखाच अनियमित असेल, तर हा प्रश्न अवकाशात रेषा परस्परांपासून शक्य तितक्या दूर मांडण्याच्या ग्रासमानीय भूमितीतील प्रश्नाशी समतुल्य ठरतो. बेहरूझ खोशनेविस, वेई यू व रवि अडवे यांनी २००८ मध्ये ही कल्पना विवर्धन करून पुढे पाठविणाऱ्या पुनःक्षेपकास लागू केली.

संकेतकोशालाही मर्यादा आहेत. निहार जिंदल यांनी २००६ मध्ये सिद्ध केले की, एकच केंद्र एकाच वेळी अनेक ग्राहींना वेगवेगळे संदेश देत असेल, तर संकेत व गोंगाट यांचे गुणोत्तर वाढते तसे प्रत्याभरणाचे बिटही वाढवावे लागतात. चार आकाशकांच्या केंद्रासाठी हे प्रमाण प्रत्येक ग्राहीमागे दर डेसिबेलला सुमारे एक बिट इतके पडते. ते न वाढविल्यास एका ग्राहीचा संदेश दुसऱ्याच्या संदेशात मिसळू लागतो आणि शक्ती कितीही वाढविली, तरी वेग वाढत नाही.

सहकारी पुनःक्षेपण : एका फिरत्या केंद्राने दुसऱ्यासाठी पुनःक्षेपक व्हावे ही कल्पना १९९८ नंतर विशेष विकसित झाली. नेहमी पुनःक्षेपण करण्यात एक मोठा तोटा असतो; तोच संदेश दोनदा पाठविल्यामुळे निम्मा वेळ खर्ची पडतो. निकोलस लेनमन, डेव्हिड त्से व ग्रेगरी वॉर्नेल यांनी २००४ मध्ये वाढीव पुनःक्षेपणाची पद्धत मांडली. तीत प्रेषकाचा संदेश थेट मिळाला किंवा नाही हे ग्राही एका बिटाने सर्वांना कळवितो आणि उत्तर ‘नाही’ असे आले तरच पुनःक्षेपक संदेश पुन्हा पाठवितो. एका बिटाच्या बदल्यात पुष्कळसे पुनःक्षेपण टळते. प्रत्याभरणाने भार वाढण्याऐवजी एकूण खर्च कमी होतो, हे या उदाहरणात स्पष्ट दिसते.

अनेक पुनःक्षेपकांतून एकाची निवड करण्याचा प्रश्न आगेलोस ब्लेत्सास व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये वेगळ्या रीतीने सोडविला. संदेशापूर्वी प्रेषक व ग्राही यांच्यात होणारी छोटी विचारणा व तिचे उत्तर प्रत्येक पुनःक्षेपक ऐकतो व त्यावरून आपल्या दोन्ही टप्प्यांचा दर्जा स्वतःच ठरवितो. नंतर प्रत्येक जण आपले कालमापक यंत्र सुरू करतो. दर्जा जितका चांगला तितका काळ थोडा. ज्याचा काळ प्रथम संपतो तो खूण प्रक्षेपित करतो आणि ती ऐकून इतर थांबतात. कोणाचीही मापे कोठेही पाठवावी लागत नाहीत, कारण माहितीचे रूपांतर प्रतीक्षेच्या काळात केलेले असते. दोन पुनःक्षेपकांचे काळ जवळजवळ सारखे असले किंवा ते एकमेकांना ऐकू शकत नसले, तर मात्र टक्कर होऊ शकते.

राघुरामन मुदुंबै, उपमन्यू मधो व सहकाऱ्यांनी २००५ मध्ये अनेक प्रेषकांचे तरंग ग्राहीजवळ एकाच कलेत आणण्याची एकबिटी पद्धत मांडली. प्रत्येक प्रेषक आपली कला यदृच्छया किंचित बदलतो. ग्राही एकत्रित संकेत वाढला की नाही एवढेच एका बिटाने कळवितो. वाढला असल्यास बदल कायम ठेवला जातो, अन्यथा सोडून दिला जातो. प्रेषकांची संख्या वाढली, तरी दर फेरीस लागणारे प्रत्याभरण एक बिटच राहते. फेऱ्या मात्र वाढतात व तेवढ्या काळात मार्ग स्थिर राहावा लागतो. यिंदी जिंग व बाबाक हस्सिबी यांच्या २००६ मधील वितरित संकेतन पद्धतीत तर प्रेषक व पुनःक्षेपक यांना मार्गाची अवस्था मुळीच कळवावी लागत नाही. या बचतीसाठी तरंग नेमके एका दिशेने रोखण्याचा लाभ सोडावा लागतो.

पोचेच्या बाबतीतही नवा विचार झाला. पुनःक्षेपकाने खंड जसेच्या तसे न पाठविता त्यांचे गणिती मिश्रण करून पाठविले, तर ग्राहीस कोणता खंड गहाळ झाला हे सांगावे लागत नाही. आणखी किती स्वतंत्र मिश्रणे हवीत ही एक संख्या पुरते. जयकुमार सुंदरराजन, देवव्रत शाह व म्यूरिएल मेदार यांनी २००८ मध्ये या तत्त्वावर पोच देण्याची पद्धत मांडली. यांपैकी शाह हे मुंबई येथील भारतीय तंत्रविज्ञान संस्थेचे पदवीधर होत.

मानकांतील स्वीकार : चौथ्या पिढीच्या दूरध्वनीच्या २००८ मधील मानकात मार्गाचा दर्जा ४ बिटांत कळविण्याची आणि चार आकाशकांसाठी १६ नोंदींच्या संकेतकोशाची तरतूद होती. २०११ मध्ये पूर्ण झालेल्या त्याच्या विस्तारात पुनःक्षेपकास स्थान मिळाले. तेथे पुनःक्षेपक दूरध्वनीस एखाद्या स्वतंत्र केंद्रासारखाच भासतो व प्रत्याभरण प्रत्येक टप्प्यापुरते मर्यादित राहते. पाचव्या पिढीच्या २०२० मधील मानकाने अनेक टप्प्यांच्या पुनःक्षेपणाची तरतूद केली. तीत मधले केंद्र आपल्याकडे येऊ घातलेल्या संदेशांची सूचना ते प्रत्यक्ष येण्यापूर्वीच वरच्या केंद्रास देऊ शकते. यामुळे प्रत्येक टप्प्यावर परवानगी मागण्यात जाणारा वेळ वाचतो. २०२४ मध्ये पूर्ण झालेल्या पुढील विस्तारात संदेशाची उकल न करता केवळ विवर्धन करणारा, परंतु कोणत्या दिशेने व केव्हा प्रक्षेपण करावे याच्या त्रोटक आज्ञा केंद्राकडून घेणारा पुनःक्षेपक समाविष्ट झाला.

मूल्यमापन : वरील पद्धतींत बचत साधण्याचे काही मार्ग पुनःपुन्हा दिसतात. अनेक उत्तरांचे एक उत्तर करणे, नेमक्या मापाऐवजी आधी ठरलेल्या यादीतील क्रमांक सांगणे, निर्णय माहितीच्या उगमाजवळच घेणे आणि अन्य कारणाने होणाऱ्या प्रक्षेपणातूनच उत्तर वाचणे हे ते मार्ग होत. प्रत्येकात मोबदला दडलेला आहे. यादी लहान केली, तर अचूकता घटते. निर्णय स्थानिक केला, तर टक्कर संभवते. उत्तरे एकत्र केली, तर विलंब वाढतो.

या बचतीला एक सामाजिक अंगही आहे. डेव्हिड जेस्बेर व मोहम्मद-स्लिम अलूइनी यांनी २००४ मध्ये दाखविले की, मार्गाचा दर्जा ठराविक मर्यादेहून अधिक असेल तेव्हाच ग्राहीने प्रत्याभरण द्यावे व एरवी गप्प राहावे असे ठरविल्यास एकूण वेग फारसा न घटता प्रत्याभरणभार पुष्कळ कमी होतो. सर्व ग्राहींची मार्गावस्था कालांतराने सारखीच खालीवर होत असेल, तर प्रत्येकाची पाळी येते. परंतु एखादा ग्राही कायमच डोंगराआड, तळघरात किंवा केंद्रापासून फार दूर असेल, तर तो नेहमीच गप्प राहील आणि जे बोलत नाहीत त्यांना काही मिळत नाही, अशी व्यवस्था होईल. हे टाळण्यासाठी प्रत्येकाची मर्यादा त्याच्या स्वतःच्या सरासरीवरून ठरविण्यासारखे उपाय योजले जातात. पुनःक्षेपक मुळात अशा दुर्लक्षित ग्राहींसाठीच उभारला जातो. त्यामुळे प्रत्याभरणात कपात करताना त्यांचेच उत्तर प्रथम वगळले जाणार नाही, याची खबरदारी पुनःक्षेपण जाळ्याच्या आखणीत घेणे आवश्यक ठरते.